साखऱ्याच्या चढावर थांबलेली अँबॅसिडर

तेल जिथं पडतं तिथून ते गळत नसतं. माझ्या धंद्यातली ही पहिली गोष्ट, आणि गिऱ्हाइकाला पटवता पटवता नाकी नऊ येतात तीही हीच. माणूस गाडीखाली वाकतो, जमिनीवरचा काळा डाग पाहतो, त्याच्या सरळ वर बोट दाखवतो आणि मलाच शिकवतो, "मिस्त्री, हितूनच गळून राहिलं बगा. हितलं पॅकिंग बदलून टाका." अरे बाबा, गाडी म्हणजे काय एका जागी पुरलेला रांजण आहे का? ती पळते. पळताना वारा लागतो, तेल मागं मागं सरकतं, नटबोल्टाच्या आडोशानं खाली उतरतं आणि सगळ्यात खालचं टोक सापडलं की तिथून टपकतं. गळतं एकाचं, नाव होतं दुसऱ्याचं.

म्हणून आमचं काम आधी पान्याचं नसतं, फडक्याचं असतं. सगळं इंजिन डिझेलनं धुवायचं, हवेच्या पाइपानं कोरडं करायचं, वर खडूची भुकटी मारायची, गाडी फिरवून आणायची आणि उकिडवं बसून पाहायचं, भुकटी पहिल्यांदा ओली कुठं झाली. वसमतच्या मोंढ्यातून हळद भरून येणाऱ्या टेम्पोंना तर भुकटीसुद्धा लागायची नाही. इंजिनावर हळदीची धूळ बसलेलीच असायची, तिच्यात तेलाची वाट आपोआप उमटायची. आता नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावतात. लावा बापड्यांनो. पण गळतं शोधायला अजून मान वाकडी करून खालीच जावं लागतं, तिथं कॉम्प्युटर येत नाही.

हिंगोलीत नांदेड रोडला माझं गॅरेज होतं. आता गुडघे बोलायला लागले, पुतण्याच्या हवाली केलंय. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, बळीराममामा, काहीतरी गमतीचं लिहा, गिऱ्हाइकांचे किस्से लिहा. किस्से काय, पोत्यानं आहेत. हट्ट्याचे एक पाटील होते, जीपखाली घरची परात ठेवायचे. सकाळी परातीतलं तेल फडक्यानं गाळायचे आणि पुन्हा इंजिनात ओतायचे. "गळून जातंय कुठं, मिस्त्री? आपलंच तेल, आपल्याच परातीत." डोंगरकड्याचा एक किराणावाला गाडी गावाबाहेर काढली की शकुनाचं म्हणून थोडं तेल घालायचा. घालता घालता इंजिन गळ्यापर्यंत भरलं, आणि माझ्याकडं आला तेव्हा चारी बाजूनं वाहत होतं. त्याला म्हणलं, "शेठ, तुमची गाडी गळत न्हाई, ओकून राहिली." तो हसला नाही, पण त्यानं शकुन बंद केला.

तर असे किस्से. पण गळतं हा शब्द काढला की माझ्या डोळ्यापुढं एकच गाडी उभी राहते, आणि तिच्यात गंमत काही नाही. संपादक माफ करतील.

ती पांढरी अँबॅसिडर डॉक्टरसाहेबांची. डॉक्टर म्हणजे गुरांचे. सेनगाव तालुक्यात त्यांना ओळखत नाही असा गोठा नव्हता. गाय अडली, बैलाला शिंग लागलं, म्हैस पान्हवेना, की लोक त्यांच्या दारात. निवृत्त झाल्यावर हिंगोलीत घर बांधून राहिले, साखऱ्याला थोडी जमीन होती तिकडं जाऊन-येऊन असायचे. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, पण लेकरासारखी सांभाळली. दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. एकुलता एक मुलगा माधव, बँकेत क्लार्क. त्याला गाडी शिकवली तीसुद्धा गुरकावतच. माझ्यासमोर एकदा त्याला म्हणाले होते, "क्लचवर पाय ठेवून बसायला ते काय पायदान हाय का?" पोरगं बिचारं कानापर्यंत लाल झालं होतं.

आता हा क्लच काय असतो ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन आपलं फिरत असतं, चाकं आपली. दोघांच्या मधे जेवणाच्या ताटाएवढी एक प्लेट असते. ती इंजिनाला घट्ट धरते तेव्हा गाडी ओढली जाते. आपण पायानं क्लच दाबला की पकड सुटते. तो पाय अर्धामुर्धा दाबून ठेवला तर प्लेट घासून घासून जळते. आणि प्लेटला तेल लागलं तर ती पाय न लावताच घसरते. बाहेरून लक्षण दोन्हींचं एकच. इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.

तसंच झालं होतं. बापलेक साखऱ्याला शेतावर गेले होते. दुपारी डॉक्टरसाहेबांच्या छातीत कळ आली. माधवनं त्यांना पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी बसवलं आणि गाडी हाणली. साखऱ्याहून सेनगावकडं येताना एक चढ लागतो. फार मोठा नाही, बैलगाडीसुद्धा दम न घेता चढते. त्या चढावर गाडी रुसली. माधव गिअर बदलतोय, इंजिन किंचाळतंय, गाडी तिथंच. मागून कोणाचा तरी टेम्पो आला, त्यात त्यांना हलवलं. सेनगावला पोचेपर्यंत डॉक्टरसाहेब गेले होते.

गाडी नंतर लोकांनी ओढून सेनगावच्या एका गॅरेजला लावली. तिथल्या मिस्त्रीनं प्लेट बदलली आणि तोंड उघडलं, "पोरगं घाबरलं असंल. पाय दाबून धरला, क्लच जाळला." एवढंच बोलला. वाईट हेतूनं बोलला असंही मी म्हणत नाही. पण आमच्या धंद्यातली ही फार घाण खोड आहे, प्लेट नीट न पाहता बोलायचं. जजाचा निकाल वर नेता येतो, मिस्त्रीचा निकाल कुठं नेणार? तो शब्द सेनगावहून हिंगोलीला आला, आणि तेराव्याला माधवच्या मामानं भरल्या पंगतीत बोलून दाखवलं, "गाडी धड चालवता आली असती तर माणूस वाचला असता." पंगतीत कोणी काही बोललं नाही. माधवची आईसुद्धा बोलली नाही. माधवनं त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही.

माझ्याकडं गाडी आली ती पुढं काही महिन्यांनी. नव्या प्लेटचीसुद्धा पकड सुटायला लागली होती. भाड्यानं ड्रायव्हर लावून आणली होती, माधव मागच्या सीटवर बसून आला. मी म्हणलं, "माधवराव, तुमी मागं काहून?" त्यानं ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि मग डिकी उघडली. आत गोणपाटात गुंडाळलेली जुनी प्लेट होती. सेनगावच्या मिस्त्रीकडून मागून आणलेली.

"मिस्त्री, तुमी अण्णांना ओळखत होते," तो म्हणाला. डॉक्टरसाहेबांना घरी अण्णा म्हणायचे. "मला खरं सांगा. ही जळालीय का?"

"पाहतो ना. एवढी घाई काय?"

"घाई हाय." त्याचा आवाज बारीक झाला. "गाडी चढावर थांबली ना, तवा अण्णा बोलले होते. शेवटचंच बोलले ते. म्हणाले, 'माधव, क्लचवरचा पाय काढ.' मी कोणालाच सांगितलं न्हाई. आईला पण न्हाई. ती विचारते, शेवटी काय म्हणाले, मी म्हणतो काहीच न्हाई. पाय नव्हता असं मला वाटतंय, मिस्त्री. पण अण्णांचं गाडीतलं आजवर कधी चुकलं न्हाई. मला आता खरंच आठवत न्हाई, पाय होता का नव्हता."

आजवर लोकांनी माझ्याकडं गाड्या आणल्या, मोटरसायकली आणल्या, पिठाच्या गिरणीचं इंजिन आणलं. पण असं काही कोणी आणलं नव्हतं.

प्लेट घेऊन मी बाहेर उजेडात आलो. जळालेली प्लेट कोरडी असते, तिला करपलेला वास येतो, तिचा चुरा हाताला लागतो. ही तशी नव्हती. काळी, चिकट, तेल पिऊन तुळतुळीत झालेली. मग गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, गिअरबॉक्स उतरवला. पाय दाबून क्लच जाळला असता तर ही प्लेट ज्याला घासते त्या इंजिनाच्या चाकावर निळे चट्टे उठले असते, बारीक भेगा पडल्या असत्या. चाक स्वच्छ होतं. तेलानं माखलेलं, पण स्वच्छ. नवी प्लेटही तशीच भिजलेली.

"माधवराव, हिकडं या. बोट लावा. हे काय हाय?"

"तेल."

"मग? पायानं प्लेटीला तेल लागतं का? तुमचा पाय नव्हता. संपला विषय."

मला वाटलं पोरगं मोकळं होईल. कुठलं काय. तो प्लेटीकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिले, मिस्त्री. गाडी किती दिवसांपासून चांगली चालत होती. तेल एकदम कुठून आलं? आधी जळाली असंल, तेल मागून लागलं असंल."

मला राग आला. माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली की माझी सटकते, हे हिंगोलीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचं तोंड पाहिलं आणि गप्प बसलो. त्याचं खरं होतं. तेल आलं एवढं सांगून भागणार नव्हतं. का आलं हे दाखवल्याशिवाय त्याच्या डोक्यातला पाय निघणार नव्हता.

तेल इंजिनाच्या मागच्या तोंडातून क्लचच्या घरात उतरत होतं, हे तर दिसतच होतं. मागची पॅकिंगं बदलली, सगळं धुतलं, भुकटी मारली, कळमनुरीला जाऊन आलो. परत येऊन पाहतो तर क्लचच्या घराखालच्या भोकातून थेंब लोंबतोय. पुन्हा उतरवलं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरची कड तपासली, बोल्ट एकेक करून आवळले, पुन्हा जोडलं. पुन्हा थेंब. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणाली, "ती गाडी घरात आणून बांधा आता." माधव बँक सुटली की येऊन बाकड्यावर बसायचा. विचारायचा नाही काही. मी मान हलवली की उठून जायचा. ती त्याची उठून जायची तऱ्हा मला पाहवत नव्हती.

सापडलं ते शोधताना नाही, तेल ओतताना सापडलं. इंजिन चालू होतं आणि मी वरचं तेल घालायचं झाकण सहज उघडलं. झाकण हातातून निसटावं एवढ्या जोरानं आतून हवा आली. मी तळहात ठेवला. कुकरच्या शिट्टीवर ठेवावा तसा धक्का. झाकण तसंच उघडं ठेवून इंजिन चालू दिलं आणि खाली वाकलो. थेंब थांबला होता. झाकण लावलं, थोड्या वेळानं थेंब पुन्हा हजर. मी कपाळाला हात लावला.

इंजिनसुद्धा श्वास घेतं हो. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर, थोडी हवा खाली चेंबरमधे उतरतेच, जुन्या इंजिनात जरा जास्तच. ती बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते. तिला आम्ही ब्रीदर म्हणतो. इंजिनाच्या कुशीतून निघते आणि खाली जमिनीकडं तोंड करून उघडी राहते. जुन्या गाडीच्या या नळीतून चार थेंब तेल टपकणारच, त्यात बिघाड काही नाही. पण ती नळी बुजली तर आतली हवा कोंडते, आणि कोंडलेली हवा तेलाला जिथं वाट मिळेल तिथून ढकलते. हळू चालवलं तर थेंब थेंब, गाडी जोरात हाणली तर धार. या गाडीला वरूनही एक नळी होती, ती वयानं केव्हाच चिकटून बंद झालेली. श्वासाची वाट एवढीच उरली होती.

नळी खोलली. तोंडातून पाहिलं तर आत काळं. चिमट्यानं चाचपडलं तर मऊ लागलं. बारकं शेपूट चिमट्यात आलं, ते ओढलं, आणि लांबच लांब पट्टी बाहेर येत गेली. मला वाटलं चिंधी. माधव बाकड्यावरून उठून जवळ आला, त्यानं ती हातात घेतली, तेल पिळून काढलं आणि खाली बसला.

"हे गॉज हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "अण्णा जनावराच्या जखमेत भरायचे ते. अशीच घडी घालायचे, आणि एक शेपूट बाहेर ठेवायचे, नंतर ओढून काढता यावं म्हणून. मी लहानपणी कंदील धरून उभा राहायचो."

मग त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. हिंगोलीच्या घरी गाडी दाराकडं नाक करून उभी असायची. आई रोज दारात सडा टाकायची, रांगोळी काढायची, आणि नेमके नळीतले थेंब रांगोळीवर पडायचे. आईची रोज कटकट. जायच्या थोडंच आधी एक दिवस अण्णा म्हणाले, थांब, बंदच करतो. दुसऱ्या दिवसापासून डाग पडायचा थांबला. आई खूश झाली. तेल मग मागच्या बाजूनं गळायला लागलं ते रस्त्याच्या मातीवर, तिकडं कोण पाहतं?

आयुष्यभर वाहतं रक्त थांबवणारा माणूस. कुठून काही वाहताना दिसलं की त्यांचा हात आपोआप गॉजकडं जात असणार. दुसऱ्या कोणी नळीत लाकडाचं बूच मारलं असतं, नाहीतर खाली डबा ठेवला असता. त्यांनी जखम भरावी तशी ती नळी भरली, नीट, घट्ट, सगळ्या मायेनं. मला त्यांचा राग येईना आणि हसूही येईना. मी नळी स्वच्छ केली, पुन्हा बसवली, वरची चिकटलेली नळीही बदलली. कळमनुरीला जाऊन आलो. भोकाखाली हात फिरवला. कोरडं.

"आता तरी पटलं?" मी माधवला विचारलं.

"पटलं," तो म्हणाला. "पण मिस्त्री, हे कोणाला सांगू नका. मामाला न्हाई, आईला तर मुळीच न्हाई. लोकं म्हणतात क्लच मी जाळला, म्हणू द्या. माझं मला कळलं, बास झालं. आईला कळलं तर ती म्हणंल माझ्या रांगोळीपायी गेले."

मी आजवर गिऱ्हाइकाला काढलेला भाग हातात दिल्याशिवाय गाडी सोडली नाही, आणि बिघाडाचं खरं कारण लपवलं नाही. पण हे मला मान्य करावं लागलं. मी गॉज कागदात बांधून त्याच्या हातात दिलं. मनातून मात्र पटलं नव्हतं. सेनगावच्या मिस्त्रीनं न पाहता बोलून एका माणसाचं वाटोळं केलं, आणि मी पाहूनसुद्धा गप्प बसणार, यात मोठं अंतर आहे असं मला वाटेना.

गाडी न्यायला दुसऱ्या दिवशी माधव रिक्षानं आला, आणि सोबत त्याची आई, आमच्या काकू. मी लगबगीनं खुर्ची पुसली. काकू बसल्या नाहीत. गाडीच्या पुढच्या बाजूला गेल्या, वाकून खाली पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला तसं वाकताना पाहून मला कसंतरीच झालं.

"बळीराम, कशानं झालं होतं?"

मी माधवकडं पाहिलं. माधव म्हणाला, "इंजिन जुनं हाय आई. तेल क्लचवर उतरलं. कोणाची चूक न्हाई."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "तो बोळा निघाला का?"

माधवचं तोंड उघडंच राहिलं.

"मी उभीच होते तिथं, त्यांनी घातला तवा," काकू म्हणाल्या. "मीच मागं लागले होते. मग गाडी थांबली म्हणून कळलं. तवापासून मनात येऊन राहिलं, त्यानं तर न्हाई ना झालं? कोणाला विचारू? तेराव्याला माझा भाऊ बोलला. मला वाटलं उठावं आन् सांगावं, त्याला बोलू नका, बोळा मी घालायला लावला होता. तोंडातून शब्द न्हाई फुटला. आपल्या लेकराला बोलू दिलं मी, बळीराम. आता तू खरं सांग. त्यानंच झालं का?"

दुसरं काही सुचलं असतं तर सांगितलं असतं. "व्हय काकू," मी म्हणलं. "तेल त्यानंच आलं. गाडी त्यानंच थांबली. पण गाडी पोचली असती तर साहेब वाचले असते का, हे मला कसं सांगता येईल? मी गाड्यांचा मिस्त्री. गाडी काहून थांबली, एवढंच मला कळतं. त्याच्या पुढचं कोणी सांगत असंल तर तो खोटं बोलून राहिला."

काकूंनी मान डोलावली. रडल्या नाहीत. माधव म्हणाला, "आई, तू मला एकदा तरी बोलायचं होतं."

"तू तरी कुठं बोललास?" काकू म्हणाल्या. "काय म्हणाले विचारलं की काहीच न्हाई, काहीच न्हाई. मला वाटायचं ते माझंच नाव घेऊन काहीतरी बोलले, म्हणून लपवतोस." मग पदर खांद्यावर ओढून त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या. "चल. मला त्या चढावर घेऊन चल."

"ड्रायव्हर बोलावतो."

"ड्रायव्हर कशाला? तू काढ गाडी. बळीराम, तू बस मागं. पुन्हा अडली तर तू हाईस."

माधव बराच वेळ दाराशी उभा होता. मी मागं जाऊन बसलो. शेवटी तो बसला. चावी फिरवली, पहिल्यांदा गाडी बंद पडली. काकू समोर पाहत बसल्या होत्या. दुसऱ्यांदा निघाली. हिंगोली सोडून सेनगाव येईपर्यंत मी फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होतो. सवयीनं, दुसरं काय.

सेनगावच्या पुढं चढ उलट्या बाजूनं लागतो, आम्ही तो उतरून खाली गेलो आणि वळवून पुन्हा चढायला लागलो. अर्ध्यावर काकू म्हणाल्या, "थांबव." माधवनं गाडी थांबवली. तीच जागा असणार. रस्त्याच्या कडेला बाभळीचं एक झुडूप, पलीकडं काढणी झालेलं सोयाबीनचं रान, बाकी काही नाही. काकू बसूनच होत्या.

"आता सांग. काय म्हणाले?"

माधवनं सांगितलं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून, समोर पाहत. "'माधव, क्लचवरचा पाय काढ.'"

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हणलं, न्हाई अण्णा, पाय न्हाई ठेवलेला."

"मग?"

"मग काहीच न्हाई बोलले. खाली वाकले थोडे. माझ्या पायाकडं पाह्यलं. मग मान मागं टाकली."

"पायाकडं पाह्यलं?"

"व्हय."

"नीट पाह्यलं?"

"पाह्यलं, आई."

"मग त्यांना दिसलंच की रे," काकू म्हणाल्या. "तुझा पाय नव्हता, ते त्यांना दिसलं. पाहून गेले ते."

माधव आईकडं वळला. हे त्याच्या मनातच आलं नव्हतं कधी. इतके महिने तो तेवढे चार शब्दच ऐकत बसला होता. त्यानं डोकं स्टेअरिंगवर टेकवलं आणि मोठ्यानं रडला, आणि काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी दार उघडून खाली उतरलो आणि दगड घेऊन मागच्या चाकाला लावला, गाडी मागं येऊ नये म्हणून.